सत्तरच्या सुरुवातीचे जपानी जॅझ-रॉक आणि सोल: कुठून ऐकावे, काय पाहून घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा: हिरोशी सुझुकीची ‘कॅट’ आणि जिरो इनागाकीची ‘फंकी स्टफ’ ऐकून गोडी लागली आहे. आता १९७०च्या आसपासचे जपानी जॅझ-रॉक आणि सोल नीट ऐकायचे आहे, जमल्यास जुन्या एलपीही घ्यायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी आणि घेताना काय तपासावे?

दोन्ही रेकॉर्ड उत्तम आहेत, पण त्या या काळाच्या शेवटच्या टोकाला येतात. ‘फंकी स्टफ’ १९७५ची. ‘कॅट’ १९७५च्या ऑक्टोबरात वाजवली गेली आणि १९७६ मध्ये बाजारात आली. तोवर सोळा मात्रांचा फंक ठेका वादकांच्या हातात पक्का बसला होता. त्याआधीची पाच-सहा वर्षे जास्त खडबडीत आहेत, जास्त धाडसी आहेत, आणि खरा खजिना तिथे आहे. म्हणून मागे जा, पण बँडच्या नावांचा माग काढत जाऊ नका. मुखपृष्ठ उलटा आणि मागची वादकांची यादी वाचा. हे संगीत टोकियोतल्या मोजक्या स्टुडिओ-वादकांनी घडवले. तीच माणसे सकाळी लोकप्रिय गाण्यांच्या मागे वाजवत, दुपारी जाहिरातींसाठी आणि रात्री शिंजुकूच्या ‘पिट इन’सारख्या क्लबात. मुखपृष्ठावर कोणाचे नाव छापायचे हे बऱ्याचदा कंपनी ठरवी. संगीताचा स्वभाव ठरे तो ड्रम, बास आणि की-बोर्डवर कोण आहे त्यावरून.

हे पटवून घ्यायला दोनच रेकॉर्ड शेजारी ठेवा. पहिली तेरुमासा हिनोची १९६९ची ‘हाय-नॉलॉजी’. ट्रंपेट हिनोचा, टेनर सॅक्सोफोन ताकेरु मुराओकाचा, इलेक्ट्रिक पियानो हिरोमासा सुझुकीचा, बास कुनिमित्सु इनाबाचा, ड्रम हिनोचा धाकटा भाऊ मोतोहिकोचे. दुसरी तुमची आवडती ‘कॅट’. तिच्यावर ट्रॉम्बोन हिरोशी सुझुकीचा, ड्रम आकिरा इशिकावाचे, आणि टेनर, की-बोर्ड, बास पुन्हा मुराओका, हिरोमासा सुझुकी आणि इनाबा यांचेच. पाचांपैकी तिघे तेच, मध्ये सहा वर्षे.

आधी फक्त ड्रमकडे कान द्या. ‘हाय-नॉलॉजी’ची पहिलीच रचना ‘लाइक माइल्स’. अमेरिकी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची प्रेरणा नावातच आली. मोतोहिको रॉकचा आठाचा ठेका धरतो खरा, पण पुढचा वादक काय म्हणतो ते ऐकून आघातांच्या जागा हलवत राहतो. ठेका हा त्याच्यासाठी प्रश्नोत्तरांचा भाग आहे. ‘कॅट’मधल्या ‘रोमान्स’मध्ये इशिकावा नेमके उलटे करतो: ठेका एका जागी रोवतो आणि बाकीच्यांना त्यावर पाय पसरून बसू देतो. दुसऱ्या फेरीत इलेक्ट्रिक पियानो ऐका. १९६९ मध्ये तो चिडका, ठोसे मारणारा आहे. १९७५ मध्ये सुरांची सावली धरणारा. वाजवणारा माणूस एकच आहे. जॅझमधून रॉककडे आणि तिथून सोल-फंककडे झालेला सगळा प्रवास या दोन रेकॉर्डमध्ये ऐकू येतो, आणि तो कळला की बाकीच्या शंभर रेकॉर्डना आपोआप जागा मिळते.

नावांत मात्र हमखास घोटाळा होतो. सुझुकी किमान चार आहेत: हिरोशी ट्रॉम्बोनवाला, हिरोमासा की-बोर्डवाला, इसाओ बास आणि चेलोवाला, शिगेरु गिटारवाला. मुराओका दोन: ताकेरु टेनरवाला, मिनोरु शाकुहाचीवाला (ही बांबूची जपानी बासरी). मासाहिकोही दोन: सातो पियानोवर, तोगाशी ड्रमवर. त्यात जपानीत आडनाव आधी येते, आणि काही परदेशी मुद्रणांवर ताकेरुचे नाव ‘केन’ असे वाचून छापले आहे. ‘सुझुकीची रेकॉर्ड’ म्हणून मागवली आणि भलतीच आली, असे सहज होते. उपाय साधा आहे. तुमच्या आवडीच्या आठ-दहा वादकांची नावे जपानी लिपीत एका कागदावर उतरवून ठेवा आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या फोटोशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वाद्यांची नावे बहुधा रोमन लिपीत असतात, त्यामुळे कोणते नाव कोणत्या वाद्यासमोर आहे ते लगेच सापडते.

हे सगळे त्याच चार-पाच वर्षांत का घडले, याला कारणे आहेत. साठच्या दशकात बीटल्सच्या धर्तीचे जपानी गिटारबँड, ज्यांना तिथे ‘ग्रुप साउंड्स’ म्हणत, जोरात होते. १९७०पर्यंत ती लाट ओसरली आणि त्यातले चांगले वादक मोकळे झाले. १९७१पर्यंत एका डॉलरला ३६० येन मोजावे लागत. बाहेरून आलेली एलपी महाग पडे, म्हणून लोक ती विकत घेण्याऐवजी जॅझ किस्सा नावाच्या कॉफीगृहांत मोठ्या स्पीकरांवर, गप्प बसून ऐकत. अमेरिकेतली गाजलेली गाणी देशी वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊन खपवणे कंपन्यांना परवडे. या कामासाठी नोटेशन पाहता क्षणी वाजवणारे, म्हणजे जॅझमध्ये मुरलेले वादक लागत. त्यांनी एका बाजूला ऑर्डरप्रमाणे चालू गाणी वाजवली आणि उरलेल्या जागेत स्वतःच्या रचना घुसवल्या. म्हणूनच या काळातल्या अनेक एलपी अर्ध्या साध्या, अर्ध्या भन्नाट निघतात. पहिले दोन ट्रॅक ओळखीच्या इंग्रजी गाण्यांचे निघाले म्हणून रेकॉर्ड बाजूला सारू नका. प्रत्येक बाजूचा शेवटचा ट्रॅक ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये.

ड्रमवादकांनी चालवलेले बँड हा या काळाचा कणा आहे. आकिरा इशिकावाचे ‘काउंट बफेलोज’ त्यात सर्वांत पुढे. पूर्व आफ्रिकेच्या ओढीतून १९७२ची ‘उगांडा’ निघाली: चारच लांब रचना, बहुतेक नावे स्वाहिली, किमिओ मिझुतानीची फाटक्या आवाजाची गिटार आणि खाली थरावर थर चढवलेले तालवाद्य. मोठ्या आवाजात आणि अखंड ऐकावी, तुकड्यांत तिचा जीव जातो. ताकेशी इनोमाताच्या ‘साउंड लिमिटेड’ची १९७१ची ‘इनोसंट कॅनन’ अधिक रेखीव आहे, ब्रासची मांडणी नेटकी. इनागाकी स्वतः टेनर वाजवणारा, १९३३चा जन्म, म्हणजे रॉक आले तेव्हा तो पस्तिशीच्या पुढे होता. त्याच्या ‘सोल मीडिया’ने १९७० मध्ये ‘हेड रॉक’ काढली. तिच्यात ऑर्गन आणि गिटार एकमेकांना ढकलतात, कडा घासलेल्या नाहीत. ‘फंकी स्टफ’ची सफाई डोक्यात ठेवून ती ऐकलीत तर पहिल्या फेरीत निराश व्हाल, तिला तीन फेऱ्या द्या.

बासकडेही असेच पाहा. मासाओकी तेराकावा हे नाव यादीत दिसले की थांबायचे. इलेक्ट्रिक बासला त्याने पायाखालून उचलून गायकाच्या बरोबरीने पुढे आणले आणि तेच तो लोकप्रिय गाण्यांमागेही करत असे.

रॉककडून जॅझकडे आलेली वाट वेगळी. मिझुतानी हा ‘आउट कास्ट’ या गिटारबँडमधला. १९७१ची त्याची ‘अ पाथ थ्रू हेझ’ ऐका. तिच्यात मासाहिको सातोचा हात आहे. सातो अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकून १९६८ मध्ये परतलेला. त्याने आवाज मोडण्या-वाकवण्याची यंत्रे पियानोइतक्याच गंभीरपणे वापरली. १९७१ मध्येच ‘लव्ह लिव्ह लाइफ + वन’ या बँडची ‘लव्ह विल मेक अ बेटर यू’ निघाली. नावातला ‘वन’ म्हणजे आकिरा फुसे, घराघरांत ठाऊक असलेला गोड गळ्याचा गायक. इथे तो सतरा-अठरा मिनिटांच्या एका रचनेत किंचाळतो, कुजबुजतो, वादकांशी झटापट करतो. असा प्रयोग मोठ्या कंपनीने पैसे घालून छापला, यावरून त्या दोन वर्षांतली मोकळीक कळते. ड्रमवादक हिरो त्सुनोदाचा मागही काढण्याजोगा आहे: सादाओ वातानाबेच्या जॅझ चौकडीतून ‘फूड ब्रेन’मध्ये, तिथून ‘फ्लाइड एग’मध्ये. एका माणसाच्या मागे गेलात तरी तीन निरनिराळ्या खोल्यांची दारे उघडतात.

शुद्ध जॅझच्या बाजूने पाहिले तर मासाबुमी किकुचीची १९७०ची ‘पू-सन’ चुकवू नका. दोन की-बोर्डवादक, दोन ड्रमवादक आणि वर कोसुके मिनेचा सॅक्सोफोन. ही रेकॉर्ड हेडफोनवर ऐकण्यापेक्षा स्पीकरवर ऐका. दोन ड्रमसंच वेगळे काढता आले तरच ठेक्यांची गुंफण उलगडते. स्पीकर एकमेकांपासून दोन-अडीच मीटर आणि तुम्ही त्यांच्या मधोमध, एवढे पुरे.

जपानी वाद्ये घातलेल्या रेकॉर्डबद्दल थोडे सावध राहून पण आवडीने सांगतो, कारण यांत फार चांगले आणि फार वाईट दोन्ही सापडते. का, ते वाद्याच्या घडणीत आहे. नेहमीची शाकुहाची १.८ शाकू, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर लांब असते. छिद्रे पाच: चार पुढे, एक मागे. सगळी बंद केली की डी हा स्वर येतो आणि क्रमाने उघडत गेले की पाच स्वरांची सरगम मिळते. मधले अर्धे स्वर छिद्र अर्धवट झाकून आणि हनुवटी खाली घेऊन काढावे लागतात. असे काढलेले स्वर दबके, धुरकट येतात. बासरी वाजवणाऱ्यांना मींडेची ही जागा लगेच कळेल. आता अशा वाद्यासमोर ब्रासला सोयीची, पण या पाच स्वरांबाहेरच्या स्वरांवर उभी असलेली द्रुत रचना ठेवली, तर वादक बरेच स्वर दबक्या आवाजात काढणार आणि ट्रंपेटखाली गाडला जाणार. लांबी साधारण तीन सेंटिमीटरने वाढली की पट्टी अर्ध्या स्वराने उतरते, म्हणून शहाणा संयोजक एकतर वेगळ्या लांबीची शाकुहाची मागवतो किंवा रचना डी, जी, ए यांच्या आसपास ठेवतो. होझान यामामोतोची १९७०ची ‘गिंकाई’ यशस्वी होते ती जागा सोडल्यामुळे. किकुचीचा पियानो, गॅरी पीकॉकचा बास आणि हिरोशी मुराकामीचे ड्रम शाकुहाचीच्या श्वासाला थांबून वाट देतात. ती जॅझ-रॉक नाही, पण कान तयार करायला तिच्याइतकी चांगली रेकॉर्ड नाही. तिच्यानंतर मिनोरु मुराओकाची ‘बांबू’ ऐका. तीही १९७०ची, ठेका रॉकचा. शाकुहाची कुठे तग धरते आणि कुठे दबते ते तुमचे तुम्हाला ऐकू येईल. हिरोमासा सुझुकीने १९७२च्या ‘रॉक जॉइंट बिवा’मध्ये बिवा हे तंतुवाद्य इलेक्ट्रिक बँडसमोर बसवले. बिवाच्या तारेला मुद्दाम ठेवलेली झणझण, जी तानपुऱ्याच्या जवारीची सख्खी बहीण आहे, विजेच्या गिटारीच्या फाटक्या आवाजात अशी मिसळते की कुठले वाद्य कुठे संपले ते काही ठिकाणी कळत नाही.

आता एक रेकॉर्ड, जी संगीताइतकीच यंत्रासाठी महत्त्वाची आहे: अमेरिकी सॅक्सोफोनवादक स्टीव्ह मार्कस आणि इनागाकीचा सोल मीडिया यांची ‘समथिंग’, जानेवारी १९७१. निप्पॉन कोलंबियाने ती एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या, आवाज आकड्यांत साठवणाऱ्या पीसीएम यंत्रावर नोंदवली. बाजारात आलेल्या अगदी पहिल्या डिजिटल ध्वनिमुद्रणांपैकी ही एक. यंत्र दोनच मार्गांचे, १३ बिटचे, सेकंदाला ३२,००० नमुने घेणारे. साठवण व्हिडिओ टेपवर. या आकड्यांचा परिणाम थेट कानाला जाणवतो. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतच कंपने पकडता येतात, म्हणजे १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही. झांजेच्या टोकाची हवा कापली जाते. उलट १३ बिटमुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ७८ डेसिबलचे अंतर मिळते आणि टेपची खरखर जाते. शिवाय मार्ग दोनच असल्याने नंतर वरून काही भरता येत नाही, आणि फिरत्या हेडच्या व्हिडिओ टेपला ब्लेडने कापून जोडता येत नाही. जे वाजले ते सलग, एकत्र, तसेच. सोल मीडियाच्या बाकीच्या रेकॉर्डपेक्षा इथे वादक जास्त सावध आणि जास्त एकवटलेले वाटतात, त्याचे श्रेय या अडचणीला द्यायला हवे. ही ऐकताना झांज मंद वाटली म्हणून ट्रेबल चढवू नका. वर काही नाहीच, फक्त सुईचा आवाज वाढेल.

आवाजाच्या दर्जासाठी ‘थ्री ब्लाइंड माइस’ हे नाव पुन्हा पुन्हा ऐकाल. ताकेशी फुजीने १९७० मध्ये काढलेली ही छोटी कंपनी. पहिली रेकॉर्ड कोसुके मिनेची. मुख्यत्वे जॅझ, पण इसाओ सुझुकीची १९७३ची ‘ब्लो अप’ सोलच्या अंगणात उभी आहे, विशेषतः ‘अ‍ॅक्वा मरीन’.

गळ्याचे सोल हा वेगळा प्रांत आहे आणि त्यात मी थोडकेच सुचवीन. आकिको वादा १९६८ मध्ये आली ती रिदम अँड ब्लूजची गायिका म्हणूनच. तिची सुरुवातीची सिंगल्स घ्या, नंतरची सगळी घेऊ नका. किमिको कासाईची १९७१ची ‘यलो कार्कस इन द ब्लू’ मिनेच्या चौकडीबरोबर आहे. आवाज खोल, वाक्य उशिरा सोडण्याची सवय, आणि मागे बँड अजिबात दबून वाजवत नाही. माकी आसाकावा ही ब्लूजच्या अंगाची. कवी-नाटककार शूजी तेरायामाने तिला रंगमंचावर आणले. १९७०ची पहिली एलपी रात्री ऐकण्याची आहे. १९७३पासून होसोनो (बास), शिगेरु सुझुकी (गिटार), हायाशी (ड्रम) आणि मात्सुतोया (की-बोर्ड) यांच्या ‘कॅरामेल मामा’ने ठेक्याचा पाया बदलला: कमी स्वर, जास्त जागा. अमेरिकेच्या ‘थ्री डिग्रीज’ या गायिकांच्या त्रयीने १९७४ मध्ये जपानात ‘मिडनाइट ट्रेन’ गायले ते याच मंडळींच्या साथीवर, चाल होसोनोची. पुढे ज्याला सिटी पॉप म्हणू लागले त्याची मुळे इथे आहेत, पण १९७०-७२चे जॅझ-रॉक त्या नावाखाली शोधू नका, सापडणार नाही.

आता खरेदी. पहिली प्रत ओळखताना आधी कंपनीचे नाव पाहा. तोशिबाचे संगीत खाते ऑक्टोबर १९७३ मध्ये तोशिबा-ईएमआय झाले, म्हणून १९७१-७२च्या रेकॉर्डवर ‘ईएमआय’ असलेले नाव दिसले तर ती नंतरची छपाई. व्हिक्टरचा संगीत विभाग १९७२ मध्ये वेगळी कंपनी झाला, तिथेही हाच न्याय. दुसरी खूण छापील किंमत. १९७०-७३ मध्ये पूर्ण किमतीची एलपी साधारण २००० येनची. तेलसंकटानंतर २३०० आणि मग २५०० दिसू लागते. १९७१च्या रेकॉर्डच्या कागदी पट्टीवर, म्हणजे ओबीवर, २५०० असेल तर ती पुन्हा छापलेली आहे किंवा ओबी दुसऱ्या प्रतीची चढवली आहे. ओबी नसल्याने संगीत काही बिघडत नाही. ऐकायलाच घेत असाल तर ओबीविना प्रत घ्या आणि वाचलेल्या पैशांत दुसरी रेकॉर्ड घ्या. तोशिबाच्या काही प्रती लाल प्लास्टिकच्या असतात. धूळ कमी धरावी म्हणून तसे मिश्रण वापरत. लाल प्रत बहुधा जुनी, पण काळी प्रत नंतरचीच असे नाही, दोन्ही बरोबरीने छापत.

विक्रेत्याला कुठल्या बाजूचा कुठला भाग वाजवून दाखव म्हणायचे, हेही ठरवून ठेवा. ३३⅓ च्या वेगात बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. त्यामुळे झीज सर्वांत आधी शेवटच्या ट्रॅकला, तेही ब्रास जोरात असताना ऐकू येते. या रेकॉर्ड कॉफीगृहांतही वाजल्या आहेत, पृष्ठभाग चकचकीत दिसूनही आतली खोबण फाटलेली असू शकते. शेवटच्या ट्रॅकच्या ३० सेकंदांची नोंद मागवा, दहा फोटोंपेक्षा ती जास्त सांगते.

कव्हरवर ‘सीडी-४’ लिहिलेले असेल तर ती व्हिक्टरच्या पद्धतीची चार मार्गांची तबकडी आहे. साध्या स्टिरिओवर ती वाजते. मात्र खोबणीत ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असते आणि जुन्या गोल सुईने ती घासून गेलेली असण्याची शक्यता मोठी. चार मार्ग हवेत म्हणून जास्त पैसे देण्यापूर्वी तुमच्याकडे शिबाता घडणीची सुई आणि डिकोडर आहे का ते पाहा. दोन्ही नसतील तर त्याच रेकॉर्डची साधी स्टिरिओ प्रत घ्या.

बजेट आखडते असेल तर मूळ प्रतींच्या मागे धावण्याचे कारण नाही. बीबीई या कंपनीची ‘जे जॅझ’ ही निवडक रचनांची मालिका २०१८पासून निघते आहे. तिचा पहिला खंड १९६९ ते १९८४ या काळाचा आहे आणि पुस्तिकेत वादकांची माहिती दिली आहे. मूळ कंपनीचे नाव आणि हक्काची ओळ नसलेली स्वस्त पुनर्मुद्रणे मात्र टाळा. ती बहुधा सीडीवरून किंवा वापरलेल्या तबकडीवरून उतरवलेली असतात, आणि ‘उगांडा’सारख्या रेकॉर्डमध्ये सगळ्यात आधी बास मरतो.